पाखरांची हजेरी

बनारसच्या आमच्या ऑफिसात रजेचे अर्ज हेडक्लार्कसाहेबांच्या टेबलावर लोणच्यासारखे मुरत. रविवारी मात्र हे गृहस्थ नावेने गंगेपलीकडच्या शेतांत जाऊन पाखरांची हजेरी घेत. "आषाढ लागला, चातक हजर. धोबी पक्षी थंडीशिवाय रुजू व्हायचा नाही," असं मला दूधविनायकच्या गल्लीत गाठून गंभीरपणे सांगत.

एका दसऱ्याला पाखरंवाला पिंजऱ्यात नीलकंठ घेऊन गल्लीत आला. बनारसात त्या दिवशी त्याचं दर्शन शुभ.

"दर्शन कर लीजिए, बाबूजी!"

"जरा ठीक से देखने दो," म्हणत माझ्याशेजारी उभ्या साहेबांनी चष्मा पुसला आणि पिंजऱ्याचं दारच उघडलं. नीलकंठ भुर्रकन उडाला. पाखरंवाल्याने बोंब ठोकली.

हे शांतपणे माझ्याकडे वळून पुटपुटले, "रजा मंजूर."

माझा अर्ज होळीपासून त्यांच्याकडे मुरत होता.