चमच्यावर थांबणारा घास

घरात शिरण्याआधी मावशी चपलांची माती बाहेरच झटकायच्या. चहाला आधी "नको" म्हणायच्या, मग "अर्धाच" म्हणायच्या आणि कप भरून प्यायच्या. हात धुतल्याशिवाय बाळाला जवळ घ्यायच्या नाहीत. विचारल्याशिवाय पातेल्यावरचं झाकण उचलायच्या नाहीत. चढ चढताना स्वतःच्याच गुडघ्यांना रागवायच्या. आणि पर्समध्ये रुमालात गुंडाळलेला एक स्टीलचा चमचा. त्यावरून टेकडीवरची अख्खी वस्ती त्यांना चमचेवाल्या मावशी म्हणायची. आरोग्य केंद्राच्या वतीनं त्या घरोघरी फिरत, लहान मुलांना काय आणि कसं भरवायचं ते शिकवत.

शेवटच्या घरातल्या सुनेचा जीव तेव्हा टांगणीला लागला होता. मुलगी रांगायच्या वयाची, पण बसवली की कलंडायची. वजनाचा काटा जागचा हलत नव्हता. पुढच्या वेळीही हलला नाही तर तिला शहरातल्या दवाखान्यात ठेवावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"खाते काय?" मावशींनी विचारलं.

"डाळ," सासूबाई म्हणाल्या. "वरचं वरचं, निवळ पाणी. सगळी ताकद त्यातच उतरते."

मावशींनी चमचा त्या पाण्यात बुडवला आणि तिरपा केला. सगळं खाली सांडलं.

"हे चमच्यावरसुद्धा थांबत नाही, आजी. पोटात काय थांबणार?"

सासूबाईंचा पारा चढला. "आम्ही काय पोरं वाढवली नाहीत? माझा मुलगा बघा, दारातून वाकून येतो!"

"वाढवलीत की! पण तेव्हा गोठ्यात गाय होती. आता तिथं मोटारसायकल आहे. ती देते का दूध?"

सून तोंड फिरवून हसली. कित्येक दिवसांनी हसली.

सासूबाई हसल्या नाहीत. "घट्ट भरवलं आणि घशात अडकलं तर?" त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. एवढे दिवस एका घरात राहून सुनेला ही भीती ठाऊक नव्हती.

मावशी वाद घालत बसल्या नाहीत. तळाची डाळ आणि भात वाटीत घेऊन त्यांनी वाटी सासूबाईंपुढे सरकवली. "किती मऊ लागतो ते तुमच्या बोटांना कळेल. तुम्हीच कुस्करा."

सासूबाईंनी कुस्करलं. वर थोडं तेल सोडलं. चमचा तिरपा केला तरी घास जागचा हलला नाही. तो आजीनंच भरवला. नातीनं तोंड वाकडं केलं, गिळला आणि पुन्हा आ केला.

"मागतेय लबाड!" सासूबाई म्हणाल्या.

पुढच्या वजनाला काटा सरकला. थोडाच. सासूबाईंचा विश्वास बसेना. नातीला पुन्हा काट्यावर ठेवायला लावलं. मग त्या शेजारणींच्या स्वयंपाकघरात चमचे तिरपे करत फिरू लागल्या.

मावशींचं समाधान मात्र झालं नव्हतं. मुलीला आता अंडं हवं होतं, हिरवी भाजी हवी होती. त्यासाठी खालच्या बाजारापर्यंत पायपीट. वस्तीतल्या एकुलत्या दुकानात वेफर्सच्या माळा लटकत होत्या.

"अंडी फुटतात, मावशी. भाजी सुकते," दुकानदार म्हणाला. "वेफर्स बिचारे कधी तक्रार करत नाहीत."

"जीवच नाही त्यांच्यात, तक्रार कोण करणार?"

तो हसला आणि अंडी-भाजीसाठी दोन फळ्या देऊन बसला. मावशींनी स्वतः माळा काढल्या, फळ्या पुसल्या, वरच्या फळीवर कागद अंथरला. तोवर शेवटच्या बसची वेळ झाली. "अंडीवाल्याशी बोलून उद्या येते," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी, खालच्या थांब्यावर बाकावर बसल्या बसल्याच त्या गेल्या. सून मुलीला घेऊन दुकानापाशी त्यांची वाट पाहत होती.

मुलगी आता मांडीवर घेतली की वजन जाणवतं. सून तिला रोज उचलते आणि मनातल्या मनात मावशींना सांगते. समोर असताना सांगायचं राहिलं.

दुकानातल्या खालच्या फळीवर कागद लावायचा राहिला आहे. वरची मोकळी आहे. अंडीवाल्याशी मावशींचं बोलणं कुठवर आलं होतं, कुणालाच ठाऊक नाही.