माय, रवाळ तूप आणि पहिल्या आकाशगंगा

मंडळी, आज सकाळी तूप कढवताना मी एकटीच हसत सुटले.

नात मोबाईलवर मोठ्यानं वाचत होती, "विश्वात आधी नुसता गरम वायू होता. तो थंड होत जागोजागी दाटला आणि पहिल्या आकाशगंगा तयार झाल्या."

अहो, हेच १९७४ साली जाफराबादच्या शाळेत गुरुजी शिकवत होते, अन् आमच्या डोक्यात काही शिरत नव्हतं. घरी मायला सांगितलं, तर म्हणाली, "त्यात काय! गरम तूप पातळच राह्यतं. थंड होऊ दे, मंग जागोजागी रवा धरतंय."

वर्गात हे सांगितल्यावर गुरुजी खूष! "बिलकुल बराबर! उद्या मायलाच घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी माय तुपाची वाटी घेऊन फळ्यापुढं उभी!

तुमच्या घरात आहे का असं कुणी, जे आयुष्यात पहिल्यांदा शाळेत गेलं, ते थेट शिकवायलाच?