कानातले खोब्रागडे सर

चहा गरम आहे तोवर सांगून टाकतो. नाहीतर उद्या माझी बायको तिच्या पद्धतीनं सांगेल आणि त्यात माझी उरलीसुरली अब्रूही जाईल. तर झालं असं, की भरदुपारी, लख्ख उन्हात, चौबे कॉलोनीतल्या माझ्या स्वतःच्या घरात मी एका मेलेल्या माणसाशी बोललो. आणि तो मला उत्तरं देत होता!

हसू नका. आधी ऐका.

मेलेला माणूस म्हणजे आमचे खोब्रागडे सर. इथल्या एका कॉलेजात पोरींना फुटबॉल शिकवायचे. ते मूळचे भंडाऱ्याकडचे, मी वर्ध्याचा. दोघांचीही हयात रायपुरात गेली, त्यांची मैदानावर आणि माझी रेल्वेच्या ऑफिसात. वीस वर्षं रोज सकाळी आम्ही बगिच्यात सोबत फिरलो. दीड महिन्यापूर्वी सर गेले. रात्री झोपले ते सकाळी उठलेच नाहीत.

आदल्या सकाळी आम्ही फिरायला गेलो होतो. चालता चालता सर मध्येच थांबले, छातीवर हात ठेवला आणि मला काहीतरी विचारलं. मला ते ऐकू आलं नाही.

आता मला ऐकू येत नाही, ही गोष्ट मी तोवर कोणाला कळू दिलेली नव्हती. निदान माझी तरी तशी समजूत होती. माझी रीत अगदी सोपी. समोरच्याचा चेहरा पाहायचा. गंभीर असला तर 'बरोबर आहे' म्हणायचं, हसरा असला तर हसून 'हो, हो' म्हणायचं. सरांचा चेहरा नेहमीच हसरा. मी खदाखदा हसलो, 'हो, हो, काहून नाही!' म्हणालो आणि घरी येऊन पोहे खाल्ले.

दुसऱ्या दिवशी सर गेल्याचा निरोप आला.

तेव्हापासून एकच गोष्ट मला खात होती. सरांनी छातीवर हात ठेवून काय विचारलं असेल? 'छाती दुखून राहिली, दवाखान्यात नेता का?' असं तर नसेल? आणि मी हसलो? दीड महिना मी धड जेवलो नाही. बायकोला वाटलं, मित्र गेल्याचं दुःख. दुःख होतंच हो, पण त्याच्या पोटात ही भीती होती, आणि ती सांगायची तर आधी बहिरेपण कबूल करावं लागणार होतं.

शेवटी गुपचूप समता कॉलोनीतल्या एका क्लिनिकमध्ये गेलो आणि कानाची मशीनं घेतली. घरी सांगितलं, स्कूटरचे ब्रेक पाहायला गेलो होतो. मशीनं इवलीशी, कातडीच्या रंगाची, कानामागे बसणारी. वरून केस ओढले की ब्रह्मदेवालाही दिसायची नाहीत. तिथल्या माणसानं पुष्कळ काही समजावलं, माझा फोन घेऊन त्यातही बोटं फिरवली. पण मशीनं तेव्हा डबीतच होती ना! मी त्याचा चेहरा पाहिला. हसरा होता. 'हो, हो,' म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बैठकीत एकटा बसलो होतो. बायको स्वयंपाकघरात. माझ्या धाकट्या भावाची पोट्टी पल्लवी मागच्या खोलीत दार लावून कॉलेजचं काहीतरी काम करत होती. तिचे आईबाप अभनपुरात, ती शिकायला आमच्याकडे राहते आणि सरांच्याच टीममध्ये खेळते. मराठी सगळी समजते, उत्तर मात्र हिंदीत देते.

तुम्हाला सांगतो, दहा वर्षांनी कान उघडले की आपलं घर आपलं वाटत नाही. भिंतीवरचं घड्याळ वाजतं हेच मी विसरलो होतो. फ्रिज मध्येच कण्हायचा. पेपरचं पान उलटलं तर दचकलो. पाल चुकचुकली. कोणीतरी जवळच श्वास घेत होतं. पाच मिनिटांनी कळलं, तो मीच होतो.

आणि मग अचानक हे सगळे आवाज मागे सरले. घोंगावल्यासारखी घरघर सुरू झाली. खुर्ची सरकली. आमच्या बैठकीत खुर्ची एकच, तिच्यावर मी बसलेला. त्यानंतर कोणीतरी खाकरलं.

ते खाकरणं मी वीस वर्षं ऐकलं होतं.

डावीकडे पाहिलं, आवाज तेवढाच. उजवीकडे पाहिलं, तेवढाच. तो ना खिडकीतून येत होता, ना दारातून. तो माझ्या डोक्याच्या अगदी मधोमध होता. मी दोन्ही हात कानांवर घट्ट दाबले, तर आतून शिट्टी वाजली! फुटबॉलच्या मास्तरची आणखी कोणती खूण हवी?

मी पळालो. न्हाणीघरात शिरलो, सर सोबत. गच्चीच्या जिन्यावर गेलो, सर सोबत. अंगणात तुळशीपाशी पोचलो आणि आवाज तुटायला लागला. शब्द अर्धे, मग पाव, मग काहीच नाही. एक पाऊल घराकडे टाकलं की घरघर सुरू. पाऊल मागे, की शांत. मी चार वेळा करून पाहिलं.

यात मला एकच खटकत होतं. खोब्रागडे सर आयुष्यभर भुताखेतांना हसले. माझ्या शनिवारच्या उपासांना हसले. असा माणूस स्वतःच भूत कसा होईल? आणि झालाच, तर तुळशीला काहून भिईल?

पण भीतीपुढे अक्कल चालत नाही. उन्हात डोकं तापलं होतं आणि मनात तो प्रश्न होता. म्हटलं, आले आहेत तर विचारून घ्यावं, पुन्हा असा योग येणार नाही. मी पायरीवर आलो. हात जोडले.

"सर, त्या दिवशी मले तुमचं बोलणं आयकू नाही आलं. मी उगाच हसलो. माफ करा."

घरघर. मग सर स्पष्ट म्हणाले, "इस पर मैं कुछ नहीं बोलूंगा."

मेल्यावर माणूस हिंदी बोलायला लागतो, हे मला नवीन होतं. पण सरांचा राग मला कळला. माझे डोळे भरून आले.

"छाती दुखून राहिली होती का तुमची? तेवढं सांगा फक्त."

"अगला सवाल."

मी खालीच बसलो. आता काय विचारू? तेवढ्यात ते आपणहूनच बोलले. "नाम तय है. मैंने उससे हाँ ले ली है. वो आएगा." आणि खाकरले.

थोडं थांबून पुन्हा म्हणाले, "नाम तय है. मैंने उससे हाँ ले ली है. वो आएगा." तेच शब्द, तोच सूर, तेच खाकरणं. पुन्हा. आणि पुन्हा. जिवंत माणूस एकसारखा चार वेळा खाकरू शकत नाही हो!

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कोणाचं नाव ठरलं? होकार कोणाकडून घेतला? माझ्याकडून! सरांना त्या सकाळी आपली वेळ कळली असणार. त्यांनी छातीवर हात ठेवून विचारलं असणार, 'वसंतराव, सोबत चलता का?' आणि मी, शहाणा, खदाखदा हसून म्हणालो, 'हो, हो, काहून नाही!'

बायको बाहेर आली तेव्हा मी तुळशीच्या कट्ट्याला मिठी मारून बसलो होतो. मी तिला सगळं सांगितलं. खोब्रागडे सर आले आहेत, मला न्यायला आले आहेत, मी आता थोड्या दिवसांचा सोबती आहे. तिनं कमरेवर हात ठेवून ऐकून घेतलं.

"बोललेलं तुम्हाले आयकू येत नाही," ती म्हणाली, "अन् न बोललेलं आयकू येऊन राहिलं?"

याला मी उत्तर देणार, तोच मागच्या खोलीचं दार उघडलं आणि पल्लवी अंगणात आली. तिच्याबरोबर सरही आले! थेट तुळशीपाशी, अगदी मोठ्यानं. मी ओरडलोच.

"बड़े पापा, आपके फोन का स्पीकर खराब हो गया," पल्लवी म्हणाली. तिच्या हातात माझा फोन होता.

तिनं सांगितलं ते असं. रविवारी कॉलेजात सरांची श्रद्धांजली सभा आणि त्यांनी ठरवून ठेवलेला मैत्रीचा सामना. सभेत सरांच्या शेवटच्या प्रेस कॉन्फ्रेंसचा व्हिडिओ दाखवायचा आणि सरांचे शब्द खाली लिहायचे, ते काम हिच्याकडे. काहून लिहायचे? तर कॉलेजच्या या व्हिडिओत काही ऐकूच येत नाही. चार पत्रकार, टेबलावर पाण्याची बाटली, बाटलीला टेकवून उभा केलेला फोन आणि बरोबर डोक्यावर पंखा. सर विहिरीच्या तळातून बोलल्यासारखे. आजवर पहिल्या मिनिटापुढे कोणी गेलं नव्हतं. हिनं स्वतःच्या फोनवर तीन मिनिटं झुंज दिली आणि मग घरातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा फोन उचलला. तो माझा. काहून घेतला होता, ते आता तुमच्यापासून काय लपवू! तर माझ्या फोनवर तेवढाही आवाज येईना, म्हणून ती व्हिडिओ पुन्हा पुन्हा त्याच जागी मागे नेऊन पाहत होती.

तिनं व्हिडिओ दाखवला. सरांचे ओठ हलत होते. फोन मुका होता. आणि सर माझ्या कानात बोलत होते.

कळलं ना तुम्हाला? मलाही कळलं. क्लिनिकमधला माणूस फोनात बोटं फिरवून काय समजावत होता, ते सगळं आत्ता कळलं. फोनचा आवाज थेट मशीनमध्ये येत होता, फोन लांब पडला की तुटत होता, आणि ती शिट्टीही कानावर हात दाबल्यानं मशीनचीच वाजली होती. माझा जीव परत आला, मरण टळलं. इथं गुमान कबूल केलं असतं तर किस्सा संपला असता.

पण कबूल केलं तर मशीन उघडं पडतं ना! बायको दहा वर्षांपासून 'कान दाखवा, कान दाखवा' म्हणत होती. तिच्यासमोर हार मानायची? मी घसा साफ केला.

"पोट्टी, तू घाबरू नको," मी म्हणालो. "मले ओठ वाचता येते. तू व्हिडिओ लाव, मी सांगतो, तू लिही."

आणि ती लिहायला लागली! डिफेन्स मजबूत आहे, मैदानाचं गवत खराब आहे, पोरी सकाळी पाचला उठतात. मी एकेक शब्द सांगत होतो. मशीनांनी पंख्याची घरघर बरीच गिळली होती. पल्लवी तोंड उघडं टाकून माझ्याकडे पाहत होती. बायको गॅसवरची भाजी विसरून तिथंच उभी राहिली. मला इतका मान लग्नातसुद्धा मिळाला नव्हता. सरांचा आवाज छान येत होता, वीस वर्षांच्या सकाळी आठवत होत्या, मी भिंतीला टेकून निवांत ऐकत होतो.

"बड़े पापा," पल्लवी म्हणाली, "आपकी तो आँखें बंद हैं."

मग तिनं फोनात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा फोनात पाहिलं. आजकालच्या पोट्ट्यांना काय शिकवावं लागतं? तिनं एक बटण दाबलं आणि माझ्या कानातले सर फोनातून बाहेर पडले. घर्रर्र! काही म्हणता काही कळेना. बायको पुढे झाली, माझे केस बाजूला केले आणि कानामागे पाहिलं. मशीनवर बोटानं टिचकी मारली. डोक्यात ढोल वाजला.

व्हिडिओ चालूच होता. नाव ठरलंय, होकार घेतलाय, तो येईल, हे घरघरीत कुठेतरी येऊन गेलं. एका पत्रकारानं विचारलं, "कौन?" आणि नेमकी तेव्हा त्या हॉलमधली लाइट गेली. पंखा थांबला. सगळ्या व्हिडिओत पहिल्यांदाच शांतता पसरली, आणि त्या शांततेत सरांचा आवाज खणखणीत आला.

"वसंतराव. मेरे दोस्त हैं. उनको सुनाई नहीं देता और मानते नहीं, इसलिए आज सुबह छाती पर हाथ रखकर पूछ लिया कि लड़कियों के सामने गोल में खड़े रहोगे क्या. हँसते-हँसते हाँ बोल दिए."

चारही पत्रकार हसले. मग लाइट आली, पंखा सुरू झाला आणि सर पुन्हा विहिरीत गेले.

मी तिथंच बसून रडलो. लाज कसली त्यात? सरांना काही दुखत नव्हतं. ते माझी गंमत करत होते. दीड महिन्याचा दगड छातीवरून उतरला होता, आणि माझा मित्र दहा वर्षं सगळं माहीत असून माझं 'हो, हो' ऐकून घेत होता.

"सर बोले हैं तो खड़ा रहना पड़ेगा," पल्लवी म्हणाली.

रविवारी कॉलेजचा हॉल भरला होता. मी मुद्दाम शेवटच्या रांगेत, कोपऱ्यात बसलो. व्हिडिओ लागला. मोठ्या स्पीकरवर घरघर आणखीच मोठी झाली, आणि पल्लवीनं मेहनतीनं लिहिलेली अक्षरं पडद्यावर मुंगीएवढी आली. सर पोरींबद्दल काय बोलले, मैदानाबद्दल काय बोलले, कोणालाही ओ की ठो कळलं नाही. मग व्हिडिओतली लाइट गेली आणि ते एक वाक्य सगळ्या हॉलनं लख्ख ऐकलं.

पोरी, त्यांचे आईबाप, प्रिन्सिपॉल, पत्रकार, सगळे वसंतराव कोण म्हणून माना वळवून शोधायला लागले. फार शोधावं लागलं नाही. सभेनंतर लगेच सामना होता, म्हणून मी पोपटी रंगाची गोलकीपरची जर्सी घालूनच बसलो होतो.