खिडकीकडची फट

विमानतळावरून शहरात येणाऱ्या जलद गाडीची सफाई करणाऱ्या बायकांमध्ये तिला सगळे शीबाई म्हणत. पाठीमागे नाही, तोंडावर. कारण दुसरा कुठला शब्द तिच्या तोंडून निघण्याआधी ‘शी!’ निघायचं. इतकी किळस येणाऱ्या बाईने हेच काम का धरावं, असं कुणी विचारलं की ती म्हणायची, “ज्याला घाण दिसतच नाही, तो ती काढणार काय?”

गाडी मोठी देखणी होती. आत गारवा, मऊ खुर्च्या, विमानातून उतरलेली अत्तरात न्हालेली माणसं. ती माणसं उतरून गेली की शीबाईला त्यांचं खरं रूप दिसायचं. खुर्चीच्या हाताखाली चिकटवलेला ओला च्युइंगगम. पायातून काढून तिथेच टाकलेला मोजा. मासिकाच्या घडीत लपवलेला बाळाचा भरलेला लंगोट. एकदा तर कुणीतरी बसल्या बसल्या पायांची नखं कापून कपात भरून ठेवली होती, आणि त्या कपात कॉफी उरलेली होती. जगातली निम्मी माणसं डुकरं आहेत आणि उरलेली निम्मी अजून पकडली गेलेली नाहीत, असं तिचं पक्कं मत झालं होतं.

पकडायची जागा तिला ठाऊक होती. शेवटच्या स्टेशनात गाडीचं तोंड फिरत नाही, खुर्च्यांचं फिरतं. परतीच्या प्रवाशांना उलटं बसावं लागू नये म्हणून खालची पट्टी पायाने दाबायची, की दोन खुर्च्यांची जोडी गर्रकन वळते. वळताना खिडकीकडची फट मोकळी होते, आणि आत दडवलेलं सगळं बाहेर येतं. उघड्यावर कचरा टाकणारा माणूस शीबाईला एकवेळ चालायचा. फटीत कोंबणारा मात्र तिच्या डोक्यात जायचा. त्याला घाण करायचीही असते आणि सभ्य दिसायचंही असतं.

घरी आली की ती हे सगळं लेकीला ऐकवायची, जेवतानासुद्धा. लेक लहान होती तेव्हापासून. त्यातच दुसऱ्या टोळीचा उद्धार व्हायचा. सफाईच्या दोन टोळ्या होत्या, आळीपाळीने कामावर येणाऱ्या. “आमची टोळी म्हणजे टोळी. त्या दुसऱ्या बायकांना काय, घाणीतच लोळायची सवय. त्यांना काही फरक पडत नाही,” असं ती म्हणायची आणि घास गिळायची.

आता ही लेक लग्नाला निघाली होती. मुलगा परदेशात नोकरीला. तिची त्याच्याशी ओळख कामामुळे झालेली. शीबाईने त्याला फक्त फोनवर पाहिलं होतं, आणि फोनमधला माणूस तर काय, धुवून पुसूनच समोर येतो. लेक म्हणाली होती, “तो येतोय, तू भेट, बोल. तू नाही म्हणालीस तर मी नाही करणार.” बाप गेल्यापासून दोघीच होत्या, आणि लेक जे बोलली ते खरं करणारी होती. त्यामुळे शीबाईच्या जिवाला घोर लागला होता. हो म्हणावं आणि माणूस फटीत कोंबणारा निघाला, तर?

लेक त्याला आणायला विमानतळावर जाणार होती. दोघांची तिकिटं तिने आईला कौतुकाने दाखवली. चौथा डबा, खिडकीची जोडी. शीबाईने तेवढं लक्षात ठेवलं. त्या दिवशी तिच्या टोळीला सुटी होती. “मी घरीच आहे, स्वयंपाकाचं बघते,” ती लेकीला म्हणाली. मग सकाळीच सगळं रांधून ठेवलं आणि दुसऱ्या टोळीतल्या एकीशी पाळी बदलून ती कामावर हजर झाली.

त्या टोळीतल्या बायकांनी तिला बघून एकमेकींना कोपर मारलं, पण चौथा डबा मागितला तर दिला. एकीने वर हातमोज्यांची नवी जोडी आणून दिली. “आमचे जुने तुला चालायचे नाहीत,” ती म्हणाली, आणि त्यात टोमणा किती नि माया किती, हे शीबाईला कळलं नाही.

गाडी आली. टोपी, तोंडावर मास्क, दाराशी रांगेत उभं राहून मान लववायची, असा नियम. लेक त्याच्या हाताला धरून उतरली आणि आईपासून हातभर अंतरावरून निघून गेली. तिने एकदाही बघितलं नाही. शीबाईला हायसं वाटलं. थोडं लागलंही, पण ते तिने बाजूला सारलं. मुलगा उंच होता, कपडे चांगले होते. कपड्यांवर ती आजवर कधी फसली नव्हती.

जागेवर जाऊन पाहिलं, तर खुर्च्या लख्ख. चुरा नाही, डाग नाही. तिने पट्टी दाबली. जोडी फिरली, आणि फटीतून एक कागदी पिशवी निघून पायाशी पडली. फुगलेली, तळाशी ओली, आंबूस वासाची.

“सापडलास,” ती पुटपुटली.

उघडून बघायला वेळ नव्हता, फलाटावर माणसं ताटकळत होती. तिने ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घातली, गाठ मारली आणि आयुष्यात पहिल्यांदा कामावरची घाण घरी नेली. रस्ताभर तिला किळस येत होती आणि आत कुठेतरी बरंही वाटत होतं. लेक वाचली.

दोघं त्याचं सामान हॉटेलात टाकून संध्याकाळी आली. मुलगा अदबीने बोलला, हात धुवून बसला, ताटात काही टाकलं नाही. शीबाई त्याच्याकडे बघत होती आणि मनात म्हणत होती, वा रे सोंग! जेवणं झाल्यावर तिने लेकीला स्वयंपाकघरात बोलावलं, दार लोटलं आणि पिशवी ओट्यावर ठेवली.

“आज मी सुटीवर नव्हते. तुमच्या डब्यात होते. तुझ्या राजपुत्राने काय करून ठेवलंय ते बघ.”

लेकीचा चेहरा उतरला. “आई, नको उघडू.”

“का? त्याची लाज तुला कशाला?”

तिने गाठ सोडली आणि पिशवी पालथी केली. काळं पडलेलं केळ्याचं साल. अर्धवट चावून थुंकलेला पाव. तोंडाचा रंग पुसलेले ओले कागद. आणि त्या सगळ्याला चिकटलेलं, बोटाभोवती नीट गुंडाळलेलं केसांचं गुंतवळ. केस लांब होते. लेकीने गेल्याच आठवड्यात रंगवून घेतले होते, तसेच तांबूस. गुंतवळ असं बोटाभोवती गुंडाळायला शीबाईनेच तिला शिकवलं होतं.

ओट्याची कड धरून शीबाई उभी राहिली.

“तुला माहीत आहे तिथे कोण हात घालतं,” ती म्हणाली. “तुला माहीत आहे.”

“मला काय माहीत तू येशील ते? तुझ्या टोळीला सुटी होती ना.” लेक रडवेली झाली होती, पण खोटं बोलत नव्हती. “मला वाटलं आज दुसऱ्या बायका असतील. तूच म्हणतेस ना, त्यांना काही फरक पडत नाही.”

शीबाईला हातमोज्यांची नवी जोडी आठवली. तोंड उघडलं, पण ‘शी’ निघालं नाही. म्हणायचं तरी कुणाला?

बाहेर पावलं वाजली. लेकीने ओट्यावरचं सगळं झरकन पिशवीत लोटलं, पिशवी खाली टाकली आणि पायाने फ्रीज आणि भिंतीमधल्या फटीत सारली. इतक्या सफाईने, की हे ती पहिल्यांदा करत नव्हती हे आईला स्पष्ट कळलं. पिशवीचा कोपरा अजून बाहेर दिसत होता.

मुलगा उष्टी ताटं घेऊन आत आला. “काकू, खरकटं कशात टाकू?” त्याने चौफेर पाहिलं आणि हसला. “किती स्वच्छ घर आहे तुमचं. ही अगदी तुमच्यावर गेलीय.”

लेक आईकडे बघत होती. शीबाई एक पाऊल बाजूला सरकली आणि फटीसमोर उभी राहिली.

“हो,” ती म्हणाली. “माझ्यावरच गेलीय. माझा होकार आहे.”

तो पाया पडायला वाकला, तरी ती तिथून हलली नाही.