आटलेल्या बाह्या

गल्लीतल्या शिंप्याला लोक पाठीमागे आखूडशेठ म्हणायचे. त्याने शिवलेली पँट घोट्याच्या वर राहायची, आणि वाकलं की शर्ट पाठ उघडी टाकायचा. विचारलं की उत्तर तयार असे: कापड आटलं, नाहीतर तुमचं पोट सुटलं. मारलेलं कापड काउंटरखालच्या पोत्यात जाई. याला तो चोरी म्हणत नसे. वाया जाणारं आपण वाचवतो, हे त्याने स्वतःला इतक्यांदा सांगितलं होतं की आरशात त्याला रोज एक सज्जन गृहस्थ दिसे. नुसता लबाड असता तर परवडला असता.

एके दिवशी धाकटी बहीण कापड घेऊन आली. निळं, बारीक रेघांचं. तिच्या नवऱ्याने जाण्याआधी लेकीसाठी घेतलेलं. लेकीला आता नोकरी लागली होती.

"दादा, बाह्या मनगटापर्यंत हव्यात. तुला माहीतच आहे."

त्याला माहीत होतं. भाचीचा हात लहानपणी उकळत्या पाण्याने भाजला होता. कोपराखालची कातडी अजून सुरकुतलेली होती, आणि चारचौघांत ती तो हात पाठीमागे धरायची.

कापड भरपूर होतं. तरी सवयीने खडू आत सरकला आणि बाह्या कोपराशी संपल्या. "कापड आटलं गं," तो म्हणाला. भाची पहिल्या दिवशी कामावर जुना विटका शर्ट घालून गेली.

आठवड्याने बहीण दुकानात आली. तिला बघून तो मशीनसमोरच्या स्टुलावरून उठला, आणि स्टुलावरच्या गादीचा अभ्रा दिसला. निळा, बारीक रेघांचा.

तिने नुसतं बोट दाखवलं.

"अगं, मेहुण्यांची आठवण म्हणून ठेवलं."

"आठवणीवर बसतोस?"

"खरं सांगू? मी मुद्दामच आखूड केल्या. किती दिवस हात लपवणार ती? पोरीची भीड चेपायला नको?" बोलता बोलता तो रडू लागला. किळस यावी ती याची, की ते रडू खरं होतं.

बहिणीने अभ्रा ओढून काढला, घडी करून पिशवीत टाकला. "पुन्हा माझ्या दारात येऊ नकोस," एवढंच म्हणाली आणि गेली.

दारात पुढचं गिऱ्हाईक उभं होतं. आखूडशेठ उघड्या स्पंजवर बसला.

"बघितलंत? सख्ख्या बहिणीलासुद्धा भलेपणाची किंमत नाही," तो म्हणाला. मग डोळे पुसून त्याने गिऱ्हाइकाच्या कापडाची घडी उलगडली. "हे जरा आटेल बरं का."