मोटारीची झूल

मला मोटारींचं वेड होतं आणि माझ्याकडे मोटार नव्हती. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या वाट्याला आल्या की तो मोटारींबद्दल फार बोलतो. युद्ध संपल्यानंतरच्या त्या वर्षात मी सांगलीच्या एका शाळेत इंग्रजी शिकवत होतो आणि विलायती मोटार-मासिकांचे जुने अंक रद्दीतून आणून वाचत होतो. कोणत्या गाडीला किती सिलिंडर, किती घोड्यांची ताकद, चढावर कोणती धापा टाकते, सगळं तोंडपाठ. शाळेत मात्र मी सायकलवरून जात असे आणि तिची चेन आठवड्यातून दोनदा पडे.

गावात मोटारी थोड्या. संस्थानी गाव असल्यामुळे मोटार कशी वापरावी हे आमच्या लोकांनी पालखीवरून ठरवलं होतं. मालकानं मागं बसायचं, सावकाश जायचं आणि रस्त्यावरच्या प्रत्येकानं आपल्याला पाहिलं की नाही हे पाहायचं. गाडीची ताकद मात्र प्रत्येकाला अफाट हवी असे. पेट्रोल अजून रेशनवर होतं. कुपनांवर मिळे तेवढ्यात गाडी कशीबशी गावाबाहेरच्या विश्रामबागेपर्यंत जाई. तिथं झाडाखाली ती उभी करून मालकमंडळी तासभर तिच्या वेगाबद्दल बोलत. ऐंशी मैलांनी पळणाऱ्या गाड्यांची वर्णनं मी तिथं पुष्कळ ऐकली. त्यातली एकही बैलगाडीला मागं टाकून भर्रकन निघून गेलेली मी पाहिली नाही. आधी हॉर्न वाजवायचा, गाडीवान वळून बघेपर्यंत थांबायचं, त्यानं बघितलं की मग पुढं जायचं, असा रिवाज होता.

या मंडळींत हळदीचे एक बडे अडते होते. त्यांच्याकडे आठ सिलिंडरची काळी अमेरिकन गाडी होती. सगळे त्यांना शेठ म्हणत, ते मला मास्तर म्हणत आणि मासिकं वाचून दाखवायला बोलावत. एका अंकात बर्फात उभ्या असलेल्या गाडीचं चित्र होतं. तिच्या तोंडावर जाड पांघरूण घातलेलं होतं.

"हे काय हो मास्तर?"

"थंडीत इंजिन गारठू नये म्हणून गोधडी घालतात."

"कापूस भरलेली?"

"दिसते तशी."

"विलायतेत घालतात म्हणजे काहीतरी असेल," शेठ म्हणाले आणि चित्राकडे बघत राहिले.

ते पांघरूण बर्फाच्या मुलखातलं आहे, आपल्याकडे इंजिन गारठत नाही, उलट तापतं, एवढं एक वाक्य मी बोलायला हवं होतं. पण मला वाचून दाखवल्याचा अभिमान होता, समजावून सांगण्याचा कंटाळा होता, आणि शेठकडचा चहा चांगला असे.

पंधरा दिवसांनी गाडीवर झूल आली. बेंदराला बैलांच्या झुली शिवणाऱ्या शिंप्याकडूनच ती शिवून घेतली होती. लालभडक मखमल, जरीचा काठ, मधूनमधून आरसे, खाली गोंडे आणि आत बोटभर कापूस. सगळं बॉनेट झाकून ती पुढं रेडिएटरच्या जाळीवरून खाली लोंबे. दिव्यांसाठी दोन भोकं ठेवली होती. समोरून गाडी आली की हिला शिंगं कशी नाहीत असं वाटे.

त्याच सुमारास माधवनगरच्या एका गिरणीमालकांनी विश्रामबागेत जाहीर केलं की त्यांची गाडी वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणीला अठ्ठावीस मिनिटांत पोचली, वाटेत एकदाही न थांबता. शेठना त्या दिवशी चहा गेला नाही. आपण पंचविसात जायचं, असं त्यांनी ठरवलं. गिरणीमालकांचा मुलगा पाचगणीच्या शाळेत होता, ते त्याला भेटायला जाणार होते. तोच दिवस धरला आणि त्यासाठी पेट्रोलची कुपनं साठवली. माझ्याकडे सेकंदकाट्याचं घड्याळ होतं, म्हणून वेळ लावायला मी. वेळ, थांबे आणि थांबल्याचं कारण वहीत लिहायचं होतं.

गाडी अर्थात ड्रायव्हर चालवणार होता, विक्रम मात्र शेठच्या नावावर होणार होता. आमच्याकडच्या बैलांच्या शर्यतीतही फेटा मालकालाच बांधतात. पण तिथं निदान बैलाला गुलाल लावतात.

हा ड्रायव्हर साताऱ्याजवळच्या एका खेड्यातला. लढाईत मिसरच्या वाळवंटात लष्कराच्या लॉऱ्या चालवून नुकताच सुटून आलेला. बायको आणि म्हातारा बाप गावी, हा सांगलीत शेठच्या मोटारखान्यात झोपे. साताऱ्याच्या एका मोटार सर्व्हिसमध्ये त्याला बसगाडीवर जागा मिळण्यासारखी होती, म्हणजे रोज घरी जाता आलं असतं. पण तिथला मालक म्हणाला होता, वाळवंट सपाट असतं, आमच्याकडे घाट आहेत. घाट चढवल्याची कुणाची तरी चिठ्ठी आण. शेठनी कबूल केलं होतं की घाट न थांबता चढला तर पाचगणीतच चिठ्ठी लिहून देईन. सांगलीपासून वाईपर्यंत तो त्या चिठ्ठीबद्दल एकदाच बोलला. साताऱ्यातून जाताना गाडी हळू करून मला म्हणाला, "गुर्जी, तितनं डावीकडं आमचं गाव. चिट्टी घावली की जत्रंच्या आत हितंच येतो."

घाटाच्या पायथ्याशी त्यानं गाडी थांबवली आणि मागं वळून म्हणाला, "शेट, आता झूल काडूया."

"का?"

"इंजनाला वारा मिळंना. चढाला लय तापंल."

"अरे, पाचगणीला थंडी आहे. थंडीसाठीच तर शिवलीय."

"वर गेल्यावर घालतो की परत. वर बगनारी मानसं, हितं कोन हाय बगाय?"

"घाटात गाड्या भेटतात. नागडी गाडी बघतील." शेठनी माझ्याकडे पाहिलं. "काय मास्तर? विलायतेत काढतात का चढाला?"

विलायतेतल्या चढांवर काय करतात हे त्या अंकात नव्हतं. मी तसं सांगितलं. खरं होतं ते, आणि अगदी निरुपयोगी होतं. ड्रायव्हरनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि गाडी गिअरमध्ये टाकली.

तो चालवायचा कसा हे मी त्या दिवशी प्रथम पाहिलं. मासिकांतली सगळी आकडेमोड विसरायला लावील असं चालवणं. वळणाच्या आधीच गिअर बदललेला असे, इंजिनाचा आवाज कुठं तुटत नसे. नवव्या मिनिटाला आम्ही इतके वर होतो की पंचवीस मिनिटंसुद्धा लागली नसती. तेराव्या मिनिटाला झुलीच्या दोन्ही भोकांतून वाफ येऊ लागली. चौदाव्या मिनिटाला पुढचं काही दिसेना आणि गाडी उभी राहिली.

ड्रायव्हरनं खाली उतरून झूल ओढली. कापूस भिजून तिचं चांगलं ओझं झालं होतं. तो झऱ्याचं पाणी आणायला गेला. तेवढ्यात खालून एक बैलगाडी आली. गाडीवान कासरा आवळून थांबला.

"काय रं गड्या, आजारी हाय व्हय?" त्यानं पाणी घेऊन येणाऱ्या ड्रायव्हरला विचारलं.

"न्हाई. घाम आलाय."

"येनारच की! बेंदराला अजून लय दिस हायत, आत्तापासनंच नटवलीय." मग शेठना म्हणाला, "आवं पावणं, बसायचं तर बसा मागं. वर सोडतो."

शेठ बसले नाहीत. बैलगाडी पुढं गेली, हॉर्न न वाजवता. मी वहीत लिहिलं: थांबा एक. कारण: झूल.

इंजिन निवायला पाऊण तास लागला. पुढचा घाट गाडी उघड्या तोंडानं चढली, पाण्यात सुसर जावी तशी. गावाच्या अलीकडे सपाट रस्ता लागल्यावर शेठनी थांबायला सांगितलं. ओली झूल पुन्हा चढवायला लावली. मग मला बाजूला नेऊन म्हणाले, "वही दाखवा." वाचलं. "मास्तर, हे खोडा. 'कारण: ड्रायव्हरची चूक' असं लिहा. क्लच दाबून धरला त्यानं."

"त्याची चिठ्ठी?"

"चूक करणाऱ्याला चिठ्ठी कशी द्यायची?" आणि मग अगदी गोड आवाजात, "इथून गावापर्यंत तुम्ही चालवा. हौस आहे ना तुम्हाला?"

माणसाची किंमत काय असते ते मला त्या दिवशी कळलं. माझी दोन फर्लांग होती. मी खिशातलं रबर चाचपलं आणि स्टिअरिंगच्या चाकामागं जाऊन बसलो.

शेजारी ड्रायव्हर बसला. आमचं बोलणं त्याला ऐकू गेलं होतं, कारण शेठना हळू बोलायची सवय नव्हती. तो एवढंच म्हणाला, "गुर्जी, हातानं दाबू नगा. धरा नुसतं. कान इंजनाकडं ठेवा." मी धरलं. आठ सिलिंडर माझ्या तळव्यांत आले. सबंध आयुष्यात मी इतका सुखी झालो नव्हतो. आणि लगेच खाली काहीतरी घुसमटायला लागलेलं मला कळलं. सपाटीवरसुद्धा उष्णतेचा काटा चढत होता. नाकावर उशी दाबलेल्या माणसासारखं ते इंजिन श्वास घेत होतं. दोन फर्लांग मी ते ऐकलं. दोन्ही हात चाकावर असल्यामुळे खोडायचं राहून गेलं.

बाजारपेठेच्या तोंडाशी गिरणीमालक चार-पाच मित्रांसह उभे होते. ते आधी झुलीकडे आणि मग घड्याळाकडे बघून हसले. शेठ म्हणाले, "लष्करातला माणूस, घाटाची सवय नाही. मास्तरांच्या वहीत सगळं आहे. वाचा मास्तर."

ड्रायव्हर बॉनेटजवळ उभा होता. तो माझ्याकडे बघत नव्हता, गोंड्यांतून ठिबकणाऱ्या पाण्याकडे बघत होता.

माझ्या अंगात धैर्य आलं असं कुणी समजू नये. शेठसाठी मी माणसाबद्दल खोटं बोललो असतो, बोलायलाच निघालो होतो. त्या इंजिनाबद्दल मात्र खोटं बोलवेना. मी वाचलं, "थांबा एक. कारण: झूल."

गिरणीमालकांनी पुन्हा वाचायला लावलं. मग त्यांच्या मित्रांनीही.

शेठनी आम्हा दोघांनाही तिथंच सोडलं. परत कुणी गाडी चालवली ते मला माहीत नाही. वाईपर्यंतचा घाट आम्ही पायी उतरलो. मी त्याला म्हणालो, "माझ्यामुळं तुझी चिठ्ठी गेली. आधीच बोललो असतो तर झूल निघाली असती."

"व्हय," तो म्हणाला. माझी समजूत घालायचा प्रयत्न त्यानं केला नाही. पुढच्या वळणावर थांबून म्हणाला, "ते पान द्या की मला."

मी पान फाडून दिलं. खाली सही केली, शाळेचं नाव घातलं आणि एक ओळ वाढवली: झूल काढल्यावर उरलेला घाट न थांबता चढवला. साताऱ्याच्या मोटार सर्व्हिसच्या मालकानं ते पान वाचून चारचौघांना दाखवलं म्हणतात, आणि याला ठेवून घेतलं.

शेठकडचा चहा संपला. मासिकंही मी कमी वाचू लागलो.

पुढच्या दसऱ्याच्या सुट्टीत मी वाईहून पाचगणीला बसनं निघालो, तर चाकामागं तोच. सर्व्हिसवाल्यांनी बसच्या तोंडावर झेंडूचा जाडजूड हार बांधला होता. पायथ्याशी त्यानं गाडी थांबवली, हार सोडला आणि मागच्या शिडीला नेऊन बांधला. एक म्हातारे गृहस्थ कुरकुरले, "अरे, देवाचा हार मागं बांधतोस?"

"द्येव मागं बसला तरी चालतंय बाबा. वारा म्होरनं यायला पायजे." मग मला पाहून म्हणाला, "गुर्जी, घड्याळ हाय का?"

होतं. वहीसुद्धा होती. वर पोचायला एकावन्न मिनिटं लागली. मी लिहिलं: थांबे सहा. कारण: माणसं चढली.