एक आकडा बदलायला हावड्याला

प्रिय अन्वय आणि रेवा,

तुमच्या नव्या टॅबलेटने आजोबांचं अ‍ॅप घ्यायला नकार दिला, त्याला दोन महिने झाले. अ‍ॅप फार जुनं आहे म्हणे. जुनी मीही आहे, पण मला अजून कुणी इतकं तोंडावर सांगितलेलं नाही. त्यातल्या चित्रावर बोट ठेवलं की आजोबा त्याचं मराठी नाव सांगायचे. ते बंद झाल्यापासून रेवा व्हिडिओ कॉलवर माझ्याशी इंग्रजीत बोलते. तुमच्या बाबाने तोडगा काढला: संगणकाच्या आवाजात नवं अ‍ॅप करून घेऊ, उच्चार अगदी शुद्ध असतात. असणारच. संगणकाला दमा नसतो. येत्या रविवारी तो ते काम कुणालातरी देणार होता, म्हणून मंगळवारीच मी आजोबांचा लॅपटॉप घेऊन डमडमहून हावड्याला, त्यांच्या मित्राकडे निघाले.

निघण्याची वेळ माझ्यामुळेच आली, तेही सांगते. आजोबा इंटरनेटशिवाय अ‍ॅप बनवायचे. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची, एंटर दाबायचं, आणि चहा उकळेपर्यंत अ‍ॅप तयार. त्याला लागणारे सुटे भाग त्यांनी एका फोल्डरमध्ये वर्षाच्या साठवणीसारखे भरून ठेवले होते. फोल्डरचं नाव ‘कॅश’. आता तुमचा बाबा मला कित्येक वर्षं सांगत आलाय, “आई, फोन हळू झाला की कॅश साफ कर.” मी सांगितलेलं ऐकणारी बाई आहे. आजोबा गेल्यावर कपाटं आवरली, तसा लॅपटॉपही आवरला. जागा भरपूर झाली. फक्त नव्या टॅबलेटसाठी अ‍ॅप पुन्हा बनवायला गेले, तर बनेना. भाग पुन्हा इंटरनेटवरून घ्यावेत, तर जिथून आजोबांनी ते घेतले होते ते ठिकाणच बंद झालेलं. इंटरनेटवर सगळं कायमचं राहतं, असं मी इतके दिवस ऐकून होते.

एस्प्लनेडला मेट्रो बदलली. पुढची गाडी हुगळीच्या खालून जाते. नदी आली हे कळावं म्हणून बोगद्यात निळे दिवे लावले आहेत. सगळ्या डब्याने मोबाइल वर करून नदीचं चित्रण केलं, आणि प्रत्येकाच्या चित्रणात पुढच्याचा मोबाइल आला. शेजारच्या बाईंनी माझ्या मांडीवरच्या पिशवीकडे पाहिलं.

“माशीमा (मावशी), लॅपटॉप? आपनार (तुमचा)?”

“नवऱ्याचा.”

“खाराप (बिघडलाय)?”

“नाही. मी आवरलाय.”

त्यांनी समजून मान हलवली. त्यांच्याही घरात कुणीतरी आवरणारं असावं.

हावडा मैदानला उतरून टोटो (बॅटरीवरची रिक्षा) केली. चालकाला पत्ता पक्का ठाऊक होता, म्हणून त्याने मला भलत्याच गल्लीत सोडलं. दोन गल्ल्या चालत, लेथच्या (लोखंड कातायच्या यंत्रांच्या) कारखान्यांची घरघर ऐकत, मी बिमलबाबूंकडे पोचले. आजोबा आणि ते निवृत्त झाल्यावर एकत्र अ‍ॅप बनवायला शिकले होते.

“बौदी (वहिनी), आधी कचुरी खा,” ते म्हणाले. मी कचुरी आणि बटाट्याची भाजी खात कबुली दिली.

ते हसले नाहीत. कपाटातून त्यांनी काळी हार्ड डिस्क काढली. “आमचा नियम होता. प्रत्येक भाग दोन घरांत. एक गंगेच्या (हुगळीला इथे गंगाच म्हणतात) त्या तीराला, एक या तीराला. दादा म्हणायचे, तीन गोष्टींचा भरवसा नाही.”

“कोणत्या?”

“पूर, आग.” त्यांनी माझ्या ताटात आणखी एक कचुरी वाढली. “तिसरी जाऊ द्या.”

“सांगा आता.”

“तुमची दिवाळीची साफसफाई.”

कचुरी फार गरम आहे, असं मी म्हणाले.

त्यांनी फोल्डर माझ्या लॅपटॉपवर उतरवलं, एका फाइलमधला एकच आकडा नव्या टॅबलेटच्या मर्जीप्रमाणे वाढवला आणि आजोबांची ती ओळ टाइप केली. लाल अक्षरं आली. बिमलबाबूंनी चष्मा पुसला. मी उगाच पर्समधले कागद काढून लावायला घेतले.

“बौदी, कृपा करून काही आवरू नका.”

फोल्डर चुकीच्या जागी उतरलं होतं. ते हलवून पुन्हा एंटर. खालच्या कारखान्यात लेथ फिरत राहिला, वर पडद्यावर एकेक ओळ सरकत राहिली, आणि शेवटी हिरवी अक्षरं उमटली. त्यांनी वायर लावून अ‍ॅप माझ्या नव्या फोनवर घातलं. मी कावळ्यावर बोट ठेवलं. आधी आजोबांचा खोकला आला, मग “कावळा.”

मी आणखी दोनदा कावळ्यावरच बोट ठेवलं. मग बिमलबाबूंनी विचारलं, “खोकला काढून देऊ? दोन मिनिटांचं काम आहे.”

“नको. मी आता काहीही साफ करत नाही.”

परतताना लाँचने नदीवरूनच आले. लेबू चा (लिंबाचा काळा चहा) घेतला. त्यातला अर्धा हुगळीला मिळाला. लॅपटॉप मी छातीशी धरून उभी होते. आयुष्यभर घर नीटनेटकं ठेवलं, त्याचा मला अभिमान आहे, अजूनही. पण या घरातलं एक माणूस टिकलं ते नदीपलीकडच्या धुळीच्या कपाटात, जिथे माझा हात पोचत नव्हता.

अ‍ॅप तुमच्या बाबाला पाठवलं आहे. ते टॅबलेटवर घालायला त्याने रविवारची वाट पाहू नये. फोल्डर आता डमडमला आहे आणि हावड्यालाही आहे. शब्द एकशे बारा आहेत. खोकले मी मोजले नाहीत, पण तेही सगळे आहेत.